तालमीच्या दारात एक खुर्ची

पहाटेचे साडेचार. तुम्ही-आम्ही फार तर अप्रेझलच्या स्वप्नाने दचकून उठतो, त्या वेळेला मी कोल्हापुरातल्या एका बोळात उभी होते आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता. धप्प. मग थोडी शांतता. मग परत धप्प.

‘‘कुणीतरी पडलं,’’ मी म्हटलं.

‘‘पडणारच की,’’ मैत्रीण जांभई देत म्हणाली. ‘‘तालीम आहे ती, लायब्ररी नव्हे. मी म्हटलो होतो ना तुला, स्वेटर घाल म्हणून?’’

(‘म्हटलो’ ही छपाईची चूक नाही. कोल्हापुरातल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. कॉलेजात आम्ही तिला यावरून चार वर्षं छळलं. त्या दिवशी मात्र ते ऐकायला एकदम भारी वाटत होतं. का, ते पुढे येईलच.)

पण मी कोल्हापुरात कशाला कडमडले होते, ते आधी सांगते.

पुण्यात मी ज्या जिमला जाते, ते तुमच्या जिमसारखंच आहे. तिसरा मजला, एसी, चारी बाजूंना आरसे, कान फाटतील इतकं मोठं पंजाबी गाणं. दीड वर्षापूर्वी सुरुवात केली तेव्हा पंधरा किलोची सॅक उचलताना पाठ धरायची. आता डेडलिफ्ट ७० किलो. मोबाइलमध्ये सगळं लिहिलेलं आहे – तारीख, वजन, किती वेळा, किती सेट. कुणी विचारलं नाही तरी मी आकडा सांगते. आत्ताही सांगितलाच.

तर, फेब्रुवारीत एका संपादकांचा फोन आला. सहा आठवडे खपून केलेली माझी स्टोरी त्यांनी काढून टाकली होती. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण जाता जाता म्हणाले, ‘‘असं लिहिणारे आम्हाला ढिगाने मिळतात.’’ झालं. ७० किलो उचलणारी मी त्या एका वाक्याने आडवी झाले. तीन आठवडे लॅपटॉप उघडला नाही. मेल आली की पोटात गोळा यायचा. गंमत म्हणजे या तीन आठवड्यांत जिम एक दिवस बुडलं नाही. वजन पाच किलोने वाढलं, माझं नव्हे, बारवरचं! आकडे वर, मी खाली.

आमच्या ट्रेनरच्या टी-शर्टवर मागे ‘मेंटल टफनेस’ असं लिहिलेलं आहे. त्याला विचारलं, हे कसं वाढवायचं? तो म्हणाला, ‘‘एक सेट एक्स्ट्रा मार.’’ मारला. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या. बाकी काही झालं नाही.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर रडत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘इकडं ये. आमच्याकडची पोरं रोज पडतात. त्यांना विचार.’’ स्वारगेटहून एसटी पकडली. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पाच-सहा तास. निघताना बॅगेत शूज टाकले, ग्लव्ह्ज टाकले, प्रोटीनचा डबाही टाकला. तालमीत काय चालतं याची मला काडीचीही कल्पना नव्हती, हे यावरून तुमच्या लक्षात आलं असेलच.

बाहेरच बसा

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसतं व्यायामाचं ठिकाण नाही. पेठेची तालीम म्हणजे त्या पेठेचं आडनावच. तालमीचा गणपती, तालमीची फुटबॉल टीम, तालमीचा फलक, तालमीचा कट्टा. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम ही फुटबॉलची मॅच असते, हे कळायला मला बराच वेळ लागला. पण गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचं नाव निघालं की अजूनही आधी आठवते ती कुस्तीच. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ते याच गावात घडले.

मी गेले त्या तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी दगडी इमारत. दार इतकं बुटकं की आत जाताना मान खाली घालावीच लागते. आत मारुतीची शेंदरी मूर्ती, शाहू महाराजांचा फोटो, भिंतीला टेकवलेल्या करेली आणि मुद्गल. मधोमध हौदा, लाल मातीचा. त्या मातीत हळद, लिंबू, कापूर, तेल, ताक काय काय मिसळतात. तिचा वास बाहेर बोळापर्यंत येत होता. पाऊस, देवघर आणि लोणच्याची बरणी एकत्र केली तर जसा येईल, तसा.

मी मान खाली घालून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात समोर एक हात आला.

‘‘हितनंच बगा, बाई. आत न्हाई यायचं.’’

वस्ताद. साठी उलटलेली, पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, दोन्ही कान दुमडून फुगलेले. आवाज मात्र मऊ. ‘‘आत माती हाय. बायका येत न्हाईत मातीत. राग नगा मानू.’’ आणि कुणालातरी हाक मारून त्यांनी दाराबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची मांडायला लावली. मैत्रिणीला दुसरी.

राग तर आलाच. पुण्याहून आलेय, शिकलेली आहे, तुमच्या अर्ध्या पोरांपेक्षा जास्त वजन उचलते (हे खोटं, पण रागात खरं वाटतं). उठून जावं असंच वाटलं. मैत्रीण कानाशी कुजबुजली, ‘‘मी इथंच जन्मलो, या दाराच्या आत अजून गेलेलो नाही. बस गप.’’ मी बसले. खरं सांगायचं तर पहाटे पाचला जायचं तरी कुठे?

आणि दारातून दिसत होतं सगळं.

आधी खणणं. आठ-दहा पोरं लंगोट लावून हौद्यात उतरलेली, हातात फावडी, आणि कालच्या लढतींनी घट्ट झालेली माती उकरून मऊ करायचं काम चाललेलं. हेच वॉर्मअप. आपण ट्रेडमिलवर दहा मिनिटं टीव्ही बघत चालतो, त्याच्या जागी हे. अर्ध्या तासात पाठी घामाने चमकायला लागल्या आणि माती पोह्यांसारखी भुसभुशीत झाली. मग जोर, मग बैठका. मोजायला कुणी मोबाइल काढला नाही. एकजण तोंडाने मोजत होता आणि मध्येच चुकत होता. चुकला की सगळे ओरडायचे आणि मागच्या आकड्यापासून परत सुरू. तेवढ्या वीस बैठका जास्त!

मग लढती. पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही, की इथे आरसा नाही. एकही नाही. आपण कसे दिसतोय हे बघायची सोयच नाही. समोर फक्त दुसऱ्या माणसाचा चेहरा. आणि तो दुसरा माणूस म्हणजे लोखंड नव्हे. लोखंड रोज तेवढंच भरतं. माणूस आज ढकलतो, उद्या ओढतो, परवा आणखी काहीतरी काढतो. मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लावायची, हात मिळवायचे आणि सुरू.

एक पोरगा होता, एकोणीसचा असेल. त्याला वस्तादांनी त्याच्यापेक्षा डोकंभर उंच जोड दिली होती. पहिल्या झटक्यात एकेरी पट, पोरगा पाठीवर. धप्प. उठला. दुसऱ्यांदा ढाक. धप्प. उठला. तिसऱ्यांदा त्याने स्वतः पट काढायचा प्रयत्न केला, वरच्याने तो तसाच दाबला आणि फिरवला. धप्प. मी मोजत होते. सवयच ती! पाऊण तासात तो अकरा वेळा पडला. जिंकला एकदाही नाही. अकराव्या वेळेला ज्याने पाडलं त्यानेच त्याला हात देऊन उठवलं, त्याच्या डोळ्यातली माती टॉवेलच्या टोकाने काढली आणि खालचा पाय कुठे चुकतोय ते दोनदा करून दाखवलं.

मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं. त्याला अजिबात वाटत नव्हतं.

आठच्या सुमाराला वस्ताद बाहेर येऊन पायरीवर टेकले. मी विचारलं, ‘‘वस्ताद, मन घट्ट कसं करता हो पोरांचं?’’ त्यांना प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगितला. मग म्हणाले, ‘‘मन-बिन काय शिकवत न्हाई आमी. आधी पडायला शिकवतो. पाठ कशी टेकवायची, मान कशी वाचवायची. ज्येला पडायचं भ्या हाय, त्यो डाव टाकतच न्हाई.’’

‘‘पण रोज अकरा वेळा हरायचं म्हणजे...’’

‘‘अकरा?’’ ते हसले. ‘‘कुणी मोजलं?’’

मी हळूच बोट वर केलं.

‘‘तालमीतली कुस्ती कुणी लिवून ठेवत न्हाई, बाळ. मैदानातली लिवत्यात.’’

माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये दीड वर्षाचा प्रत्येक सेट लिहिलेला होता. आणि डोक्यात, त्याच तारीखवार शिस्तीत, प्रत्येक संपादकाचा प्रत्येक नकार.

दूध, बदाम आणि दोन एकर ऊस

तो पोरगा आम्हाला नंतर गंगावेशीत दूधकट्ट्यावर भेटला. इथे म्हशी समोर उभ्या असतात, तुमच्यादेखत धार काढतात आणि फेसाळ कोमट दूध ग्लासात. मी अर्धा ग्लास प्यायले आणि पोट धरून बसले. त्याने सहज दोन संपवले. माझा प्रोटीनचा डबा बॅगेत तसाच होता. तो काढायची हिंमत झाली नाही.

‘‘नाव नका घालू, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘घरात पेपर येतोय.’’

घर पन्हाळ्याच्या बाजूला. दोन एकर ऊस. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. महिन्याला पंधरा-सोळा हजार तरी जातातच, असं त्याने बोटांवर हिशेब करून सांगितलं. स्वयंपाक तालमीतच, पाळी लावून. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की मैदानं लागतात, तिथल्या इनामांवर थोडंफार निघतं. २०२० मध्ये कोरोनाने यात्राच बंद झाल्या, तेव्हा याचा थोरला भाऊ तालमीत होता. तो गावी गेला तो परत आलाच नाही. आता टेम्पो चालवतो. ‘‘तो माझ्यापेक्षा भारी होता,’’ हे मात्र त्याने दोनदा सांगितलं.

‘‘आणि तुझं?’’

‘‘तीन-चार वर्षं बघायचं. न्हाई जमलं तर पोलीस भरती.’’ गुडघ्यावर पट्टी होती. ‘‘गुडघा टिकला तर.’’

इथे मला ट्रेनरच्या टी-शर्टाची आठवण झाली आणि जरा लाजही वाटली. आपल्यासाठी टफनेस म्हणजे स्ट्रेसवरचा उतारा. मेंबरशिप संपली तर रिन्यू करायची, नाहीतर योगा लावायचा. या पोराचं अख्खं घर त्याच्या एका गुडघ्यावर उभं आहे आणि रोज सकाळी तोच गुडघा घेऊन तो डोकंभर उंच माणसासमोर जातो. हे काही रोमँटिक नाही. मी लिहिते म्हणून तसं वाटू नये. बहुतेक पोरं मोठी होत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असतं.

खासबाग

दुपारी खासबाग मैदानावर गेलो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. तिकडे रोमचं कलोसियम बघून त्यांच्या डोक्यात ही कल्पना आली, असं सांगतात. १९१२ मध्ये मैदान तयार झालं आणि पहिली मोठी कुस्ती झाली ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. मैदान बशीसारखं आहे. मधला हौदा खाली आणि लोक चहूबाजूंनी चढत्या उतारावर, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कोण पडलं ते दिसतं. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, तेही महाराजांनीच बांधलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं. मैत्रिणीने त्या बाजूला बघायचं टाळलं. तिचं पहिलं नाटक तिथे झालं होतं.

दुपारच्या उन्हात रिकामं मैदान बघणं म्हणजे तसा टाइमपासच. पण बसलो. समोर हौद्यावर झाकण घातलेलं, एक कुत्रं त्याच्या सावलीत झोपलेलं.

खाशाबा जाधव आठवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. सगळा जन्म मातीत गेलेला, आणि तिथे कुस्ती मॅटवर. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लावून प्राचार्यांचं कर्ज फेडलं, असं सांगतात. मला पदकापेक्षा सहावा नंबर आणि पदक यांच्या मधली चार वर्षं जास्त खुणावत होती. त्या चार वर्षांत तो माणूस रोज सकाळी काय मनाशी म्हणत उठत असेल?

आणि हमीदा बानू. १९५४ मध्ये ‘मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ म्हणणारी, बडोद्यात बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत लोळवणारी. याच कोल्हापुरात तिने एका पुरुष पहिलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. २०२४ च्या मे महिन्यात गुगलने तिचं डूडल केलं. बाहेरच्या खुर्चीचा माझा राग त्या हौद्याकडे बघताना परत वर आला, आणि या वेळी मी तो दाबला नाही.

‘‘वस्ताद चांगला माणूस आहे,’’ मी म्हटलं. ‘‘पण चुकतोय.’’

‘‘चुकतोयच की,’’ मैत्रीण उठली. ‘‘चल, मुरगूडला जाऊ.’’

‘ताई, पडा’

कागल तालुक्यातलं मुरगूड स्कूटरवरून दीड तासावर. रस्ताभर दोन्ही बाजूंना ऊस. तिथे मुली कुस्ती शिकतात. मातीत नव्हे, मॅटवर, सिंगलेट घालून. हॉलला दार होतं, त्या दारातून मी सरळ आत गेले. कुणी बघितलंही नाही.

साध्या शेतकरी घरातल्या पोरी. ‘दंगल’ बघून आलात का, असं विचारायची माझी फार इच्छा होती. विचारलं तर त्यातली एक म्हणाली, ‘‘न्हाई, बाबांनी आणून सोडलं.’’ तिच्या आदर्श दोन – २०१६ चं रिओ ब्राँझ आणणारी साक्षी मलिक आणि सांगलीची प्रतीक्षा बागडी. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती प्रतीक्षाने जिंकली. महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

ही पोरगी सोळाची, वजन माझ्यापेक्षा सहज पाच किलोने कमी. तिला मी माझा आकडा सांगितला. राहवलंच नाही. ‘‘७५ किलो? वा,’’ ती मनापासून म्हणाली. ‘‘मग या की मॅटवर.’’

मी शूज काढले. तिने माझं मनगट धरलं, एक पाऊल पुढे आली आणि पुढच्या क्षणी मला छताचा पत्रा दिसत होता. श्वास गेला होता. डोक्यात पहिला विचार काय आला असेल? मैत्रिणीने मोबाइलवर शूट तर नाही ना केलं!

‘‘ताई, तुम्ही ताठ ऱ्हाता. पडायचं नाही म्हणून जोर लावता,’’ ती माझ्यावर वाकून म्हणाली. ‘‘म्हणून जास्त लागतं. हनुवटी छातीला लावा. श्वास सोडा. हात असा मॅटवर आपटा. आता मी पाडत नाही, तुम्हीच पडा.’’

स्वतःहून पडणं किती अवघड असतं, हे एकदा करून बघा. पहिल्या चार वेळा मी मधेच हात मागे टेकला. ‘‘मनगट मोडंल,’’ ती ओरडली. पाचव्यांदा हनुवटी राहिली, डोकं आपटलं. सहाव्यांदा जमलं. थोडंसं. मग तिने परत धरून पाडलं आणि या वेळी मी खाली जाताना श्वास सोडला. धप्प. सकाळी भिंतीपलीकडून ऐकलेला तोच आवाज, फक्त आता माझा. मी उठले. तिने परत पाडलं. मग मोजायचं विसरले.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं प्रॅक्टिकल. तालमीत जायचं तर पहाटेच जा, आधी कुणाच्या तरी ओळखीने विचारून जा आणि हौद्याजवळ चपला नेऊ नका. फोटो काढण्याआधी वस्तादांना विचारा. मुली असाल तर खुर्चीची तयारी ठेवा आणि मुरगूडलाही जाऊन या. मैदानातली कुस्ती बघायची असेल तर गुढीपाडव्यानंतर यात्रांच्या हंगामात या. येताना तांबडा-पांढरा खाल्ल्याशिवाय निघू नका, हे मी सांगायची गरज नाही.

निघताना त्या पोरीने विचारलं, ‘‘परत कधी येणार?’’ मी म्हटलं, बघू. ‘‘पुढच्या टायमाला लढत करू,’’ ती म्हणाली. ‘‘मी हळू खेळतो.’’

परतीच्या एसटीत कऱ्हाडच्या आसपास मी लॅपटॉप उघडला आणि त्याच संपादकांना नव्या स्टोरीची मेल लिहिली. पाठवायला सातारा गेलं. उत्तर अजून आलेलं नाही.

सोमवारी जिममध्ये ट्रेनरने माझ्या खांद्यावरचा निळा-जांभळा वळ बघितला आणि काळजीने विचारलं, ‘‘काय झालं? फॉर्म चुकला का?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘सुरुवातीला ताठ राहत होते.’’